अडतिसाव्या वर्षी हातात पक्कड: बडोद्यातलं एक प्रकरण

एप्रिल २०२१. धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, याला तू तरी समजाव. चांगली नोकरी सोडून वायरमन व्हायचं म्हणतोय."

हा म्हणजे माझा भाचा. तेव्हा वय ३८, बी.कॉम., मालवाहतुकीच्या एका खासगी कंपनीच्या अलकापुरीतल्या ऑफिसात बिलं आणि येणी बघायचा. नोकरीला १४ वर्षं झालेली, हातात २८,५०० रुपये. बायको शाळेत शिकवते, तिचे १९,०००. मुलगी पाचवीत. मांजलपूरच्या फ्लॅटचा हप्ता ९,२००. करोनाच्या पहिल्या लाटेत त्याचा पगार तीन महिने साठ टक्क्यांवर आला होता. पुढे तो पूर्ववत झाला, पण आठ जणांच्या विभागात तीनच माणसं उरली आणि काम मात्र आठांचंच राहिलं.

मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) विद्युत देखभालीत ३२ वर्षं काढली. बहिणीला वाटलं, या धंद्याची दगदग मला माहीत आहे, तेव्हा मी त्याला नक्की परतवीन. मीही त्याच तयारीने गेलो होतो. हे प्रकरण इथे सविस्तर मांडतोय ते एवढ्यासाठी की दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर भागातली आपली मराठी पोरं हल्ली हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, आणि त्यांना तोंडी सांगताना निम्मं राहून जातं.

त्याच्या डोक्यात हे आलं कुठून? लॉकडाऊनमध्ये त्यांच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचं पॅनल बंद पडलं. कुणी यायला तयार नव्हतं. कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा आतला मोठा स्विच, जळालेला होता, तो बदलायचा होता. मी फोनवर सांगत होतो, तो करत होता. मेन बंद करून मुख्य फ्यूज काढून खिशात ठेवायला मी सांगितलं, ते त्याने केलंच. पण पुढचं मी सांगितलं नव्हतं. त्याने प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा तुकडा लावला, त्यावर बॉलपेनने आकडा घातला, आधी सगळ्याचा फोटो काढला आणि मगच पहिला स्क्रू सोडवला. मी ३२ वर्षांत कितीतरी हेल्पर पाहिले. वायरी आधी उपटायच्या आणि मग कुठली कुठे होती हे आठवत बसायचं, हीच सर्वांची रीत. त्यामुळे त्याला परतवायला गेलो तेव्हा ती चिकटपट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी त्याला परतवलं नाही.

बहिणीचं दुःख वेगळं होतं. आमच्या आईकडचे पणजोबा बडोदा संस्थानच्या हुजूर कचेरीत कारकून. तिच्या सासरचंही तेच. "चार पिढ्या लेखणी चालवली, दादा. आता शिडीवर चढायचं?" बडोद्याच्या मराठी घरांत हे वाक्य अनेकदा ऐकू येतं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण याच शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, ते हाताने काम करणारी शिकलेली माणसं तयार व्हावीत म्हणूनच. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. दादासाहेब फाळके तिथेच शिकून गेले. आम्ही महाराजांचं नाव भक्तिभावाने घेतो, आणि पोराने हातात पाना घेतला की खिडकी लावून घेतो. बहिणीला मी हे सांगितलं. तिला पटलं नाही, आणि मी फार ताणलंही नाही. आईच्या काळजीला इतिहासाने उत्तर देता येत नाही.

पैशाचं गणित

मी त्याला एवढंच म्हटलं, "गेल्या सहा महिन्यांचा घरखर्च लिहून आण. अंदाज नको, खरा." तो हिशोबाचा माणूस, दुसऱ्याच दिवशी कागद आला. हप्त्यासकट महिना ३४,०००. शिल्लक २ लाख ४० हजार, त्याशिवाय पीएफ. आम्ही ठरवलं की पीएफला हात लावायचा नाही. बायकोचा पगार आणि ३४,००० यात १५,००० ची दरी. शिल्लक टाकून ती १६ महिने भरली असती, आणि शिकायला लागणार होते किमान २४. हिशोब आठ महिन्यांनी तुटत होता. त्यावर तोडगा त्यानेच काढला. खंडेराव मार्केटजवळच्या दोन दुकानांचे टॅलीचे हिशोब संध्याकाळी लिहायला घेतले, दोन्हींचे मिळून १२,०००. ज्या कामातून बाहेर पडायचं होतं त्याच कामाने बाहेर पडण्याचा खर्च भरला. दोन वर्षांत शिल्लकीतले एकंदर ९२,००० गेले. त्यात हत्यारं आहेत, फीस आहे आणि मध्येच आलेला डेंग्यूचा खर्चही आहे.

फसलेले पंचेचाळीस दिवस

पुढच्या गोष्टीत माझीही चूक आहे. मी त्याला परवान्याचं आधी समजावून सांगायला हवं होतं. तो घाईत होता. राजीनामा देण्याआधीच शहरातल्या एका खासगी क्लासमध्ये ४५ दिवसांच्या संध्याकाळच्या कोर्सला १८,००० भरून आला. जाहिरातीत 'सरकारमान्य प्रमाणपत्र, लगेच कमाई' असं होतं. शिकवलं काय? प्लायवुडच्या पाटीवर एक बल्ब, एक सॉकेट, एक पंखा. अर्थिंग फळ्यावर खडूने काढून दाखवलं. शेवटी सोनेरी काठाचं प्रमाणपत्र. त्या कागदावर परमिटचा अर्जसुद्धा भरता आला नाही.

इथे जरा थांबून परमिटचं सांगतो, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. विजेच्या फिटिंगचं काम कुणीही करावं असं आपल्याकडे कायद्यात नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता. काम परवानाधारक कंत्राटदाराने करायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली करायचं आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परमिट हवं. ते नियम गेले, २०१० चे आले, आता केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे आहेत. पण गाभा तोच राहिला: वायरमन, सुपरवायझर, कंत्राटदार. बल्ब बदलणं, पंखा बदलणं यासारखी किरकोळ कामं सोडली तर बाकी सगळं यात येतं. ज्याच्याकडे परमिट नाही त्याने परमिटवाल्याच्या हाताखाली काम करावं, त्यात कमीपणा काही नाही. पण परमिट नसताना स्वतःच्या नावाने घर घेऊन वायरिंग करणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर धंदा. पोरांना मी हे स्पष्ट बजावतो.

भाच्याला म्हटलं, "अठरा हजार गेले असं समज. आता आयटीआय." इलेक्ट्रिशियन ट्रेड, दोन वर्षं. दहावीला गणित-विज्ञान असलं की चालतं. बडोद्यात गोरवा आणि तरसाली, दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहेत आणि फी खासगीच्या मानाने नाममात्र. त्याला सकाळची पाळी मिळाली.

आयटीआयबद्दल फार लिहीत नाही. वर्गात सतरा-अठरा वर्षांची मुलं, ती याला काका म्हणायची. पहिले काही महिने कानस, हॅकसॉ आणि वायरचे जोड. वेस्टर्न युनियन जोड, मॅरीड जोड, ब्रिटानिया जोड, टी जोड. तो वैतागून म्हणाला, "मामा, आजकाल हे जोड मारतं कोण? सगळीकडे कनेक्टर आहेत." मी म्हटलं, जोड मारायला नाही, तांब्याची ओळख करून घ्यायला मारतोयस. स्क्रू किती आवळला की तार नीट धरली जाते आणि किती आवळला की तुटते, हे बोटांना कळावं लागतं. कागदी कामाच्या बोटांना ते चार महिन्यांनी कळायला लागलं. २०२३ मध्ये तो पास झाला.

न्यूट्रल

मग एका कंत्राटदाराकडे हेल्पर. रोज ४५० रुपये. मी कारखान्यातली अ‍ॅप्रेंटिसशिप सुचवली होती, पण त्याला घरांचंच काम करायचं होतं. चाळिसाव्या वर्षी ४५० रोज म्हणजे महिन्याला जेमतेम अकरा-बारा हजार. दुकानांचे हिशोब त्याने अजून सोडले नव्हते, म्हणून घर चाललं.

तिसऱ्या महिन्यात एक अपघात झाला. कुणाला इजा झाली नाही, तरी मी त्याला अपघातच म्हणतो. तीन फेजचा बंगला, म्हणजे वीज तीन वेगळ्या जिवंत तारांनी येणारा. डीबीत, म्हणजे वीज घरभर वाटणाऱ्या पेटीत, न्यूट्रलच्या पट्टीवरचा एक स्क्रू काळा पडला होता, तो साफ करून आवळायचा होता. याने एका फेजचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पाडला आणि मुख्य न्यूट्रल सोडवला. बाकी दोन फेज चालू.

तीन फेजच्या घरात न्यूट्रल हा तिन्ही फेजचा परतीचा सामाईक रस्ता. तो तुटला की करंट एका फेजमधून निघून दुसऱ्या फेजमधून परत जाऊ पाहतो. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. ज्या बाजूला भार कमी, त्या बाजूच्या उपकरणांवर जास्त व्होल्टेज चढतं. २३० च्या जागी कुठे १२०, तर कुठे २८०-३००. त्या दिवशी दिवाणखान्यातले दिवे एकदम लखलखले, टीव्ही बंद पडला आणि फ्रिजचं कार्ड जळालं. ११,५०० ची भरपाई. कंत्राटदाराने ती निम्मी-निम्मी वाटून याच्या रोजातून कापली.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. बोलत नव्हता. त्याने वही काढली आणि झालेलं क्रमाने लिहिलं: किती वाजता काय पाडलं, काय चालू राहिलं, आधी काय बघायला हवं होतं. खाली तीन ओळी: मुख्य स्विच बंद. मीटरने तपास, टेस्टरने नाही. न्यूट्रल शेवटी सोडायचा, जोडताना आधी. ती वही त्याने आजही सोडलेली नाही. प्रत्येक कामाचं एक पान. ऑफिसातून आलेल्या माणसाकडे हे भांडवल असतं आणि त्याला स्वतःला त्याची किंमत नसते. तो तर सुरुवातीला आपल्या चौदा वर्षांच्या नोकरीबद्दल बोलायलाही ओशाळायचा, जणू ती वाया गेली.

जिन्याचा दिवा

ती वाया गेली नव्हती हे त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये कळलं. दांडिया बाजारातला जुना वाडा, दोन भाऊ, खाली एक वर एक. दोन वर्षांपूर्वी नवं वायरिंग झालेलं, दोन्ही मजल्यांना वेगवेगळी डीबी आणि वेगवेगळी आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं यंत्र). तक्रार अशी की रोज दिवेलागणीला लाइट जाते. कधी खालच्या मजल्याची, कधी वरच्या, कधी दोन्ही. दुपारभर काही नाही. आधीच्या दोन जणांनी आरसीसीबी बदलून पाहिली होती. तिसऱ्याने तर सरळ सांगितलं होतं, "ही काढून टाका, कटकट मिटेल."

ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. आरसीसीबी हे घरातलं असं एकच यंत्र आहे जे वायरीसाठी नाही, माणसासाठी बसवलेलं असतं. एमसीबी वायर जळू नये म्हणून पडतो. ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी माणूस जळू नये म्हणून.

कंत्राटदार दुसरीकडे गुंतला होता, परमिटवाला वायरमन सोबत होता, पण शोधायचं काम याच्याकडे आलं. याने पक्कड काढली नाही. पाटावर बसला आणि दोन्ही डीबींचे सगळे सर्किट कागदावर उतरवले. एमसीबी एकेक पाडून काय बंद होतं ते लिहिलं. दोन तास गेले. मोठ्या भावाच्या बायकोने दोनदा चहा केला आणि दुसऱ्यांदा विचारलंच, "भाऊ, काम कधी सुरू करणार?"

काम चालूच होतं. आरसीसीबी काय करते? फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची वजाबाकी. दोन्ही सारखे तर उत्तर शून्य. फरक ३० मिलिअ‍ॅम्पिअरवर गेला की पाडते, प्रत्यक्षात त्याच्या थोडं आधीही पाडते. मला नंतर तो म्हणाला, "मामा, हे तर बँक रिकन्सिलिएशन आहे. आपल्या खात्यातून पैसे निघाले आणि चुकून दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले. आपलंही जुळणार नाही, त्याचंही नाही." मग त्याने दोन्ही मजल्यांना सामाईक असं काय आहे ते शोधायला सुरुवात केली. जिना. जिन्याचा दिवा खालून लावायचा, वरून विझवायचा, दोन टू-वे स्विच. दिव्याला फेज खालच्या डीबीतून आला होता आणि वायरिंग करणाऱ्याने अंतर वाचवायला न्यूट्रल जवळचा, म्हणजे वरच्या मजल्याचा घेतला होता.

दिवा ९ वॅटचा एलईडी. ९ ला २३० ने भागा: ३९ मिलिअ‍ॅम्पिअर, एलईडीचा पॉवर फॅक्टर धरला तर त्याहून जास्तच. एवढासा दिवा, पण ३० ची मर्यादा ओलांडायला पुरेसा. खालच्या आरसीसीबीला दिसतं ३९ गेले, परत आले नाहीत. वरचीला दिसतं ३९ आले, गेलेच नव्हते. जी आधी हलेल ती पडते. आणि जिन्याचा दिवा लागतो तो दिवेलागणीलाच.

पाइपात स्प्रिंग घालून खालच्या डीबीतून दीड स्क्वेअर मिलिमीटरची काळी वायर ओढली, ११ मीटर. वरचा न्यूट्रल सोडवून टोक बंद केलं. चाळीस मिनिटं. शोधायला साडेतीन तास. बिल झालं १,४०० आणि मोठ्या भावाने तेवढ्यावरही थोडी घासाघीस केली. पण त्या वाड्याने पुढे त्याला अकरा घरं मिळवून दिली.

जाताना याने दोन्ही डीबींच्या झाकणाच्या आत कागद चिकटवला. कुठला एमसीबी कशाचा, कुठल्या मापाची वायर, तारीख. त्या वाड्यात मराठीत, गुजराती घरात गुजरातीत. अक्षर कचेरीतलं, ओळी सरळ. आज त्याचं हे काम बडोद्यातले काही जण झाकण उघडल्याबरोबर ओळखतात.

ऑगस्ट २०२४

जन्माष्टमीचे दिवस. आजवा तलावाचं पाणी, वरून पाऊस, विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. सोसायट्यांत मगरी आल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. आम्ही जे पाहिलं ते पाणी उतरल्यावर. स्विचबोर्डाची प्लेट उघडली की आतून गाळाची वडी निघायची, बॉक्सच्याच आकाराची, त्यावर स्विचच्या पाठीचे ठसे उमटलेले.

कंत्राटदाराकडे एका दिवसात साठेक फोन. मनुष्यबळ कमी म्हणून मीही मेगर (वायरीतून गळती आहे का ते मोजायचं यंत्र) घेऊन बरोबर जात होतो. अकोट्याकडचा एक बंगला. तळमजल्यावर साडेचार फूट पाणी येऊन गेलेलं. मीटर वीज कंपनीने बदलून दिला होता, आता आतला पुरवठा सुरू करायचा होता. घरात ८४ वर्षांच्या आजी, चार दिवस पंखा नाही, उकाडा, डास. त्यांचा मुलगा, साठीचा गृहस्थ, अक्षरशः हात जोडून म्हणत होता, "भाई, एक वार चालू करी आपो ने." (एकदा चालू करून द्या ना.)

कंत्राटदारही म्हणाला, "मेन टाकून बघ. पडायचं ते पडेल."

भाच्याने मेगर लावला. ५०० व्होल्टचा दाब देऊन वायर आणि जमीन यांच्यातला रोध मोजतात. निदान १ मेगओहम हवा. तळमजल्याचं रीडिंग ०.०४. पाइपात पाणी, जोडांवरच्या टेपमध्ये गाळ, ओल्या भिंती. अशा घरात मेन टाकला तर एमसीबी पडेलच असं नाही. भिंतीतच थोडा थोडा करंट गळत राहतो आणि ओल्या फरशीवर अनवाणी माणूस उभा असतो. जी आरसीसीबी वाचवू शकली असती, ती स्वतःच पाण्यात बुडून निघालेली.

तेव्हा त्याच्या हातात परमिटही नव्हतं, अर्ज गेलेला होता. हेल्पर. समोर घरमालक, मागे रोज देणारा कंत्राटदार. मी बाजूला उभा होतो आणि मुद्दाम बोललो नाही. तो म्हणाला, "काका, खाली मी चालू करणार नाही. पण आजींना आज रात्री पंखा मिळेल."

वरच्या मजल्याचं वायरिंग त्याने खालच्यापासून पूर्ण तोडलं. मेगर केलं, २० च्या वर. मीटरपासून वरपर्यंत बाहेरच्या भिंतीवरून नवा पाइप, त्यात सहा स्क्वेअरच्या वायरी, जिन्याच्या वरच्या टोकाला छोटी नवी डीबी, नवी आरसीसीबी. अर्थिंगचा रोध मोजून पाहिला. जोडणी परमिटवाल्याने तपासली, नंतर मी. पाच तास लागले. संध्याकाळी सात वाजता आजींना खुर्चीसकट उचलून वर नेलं आणि पंखा लावला. जुनी डीबी त्याने उघडीच ठेवली, वायरींची टोकं टेपने बंद केली आणि झाकणावर लिहिलं: 'पाण्यात बुडालेली. चालू करू नये.' खाली तारीख, वेळ, ०.०४.

त्या पाच तासांत तीन कामं बुडाली म्हणून कंत्राटदार दोन दिवस नीट बोलला नाही. तळमजला सहाव्या दिवशी चालू झाला, पाइप धुऊन, सगळ्या वायरी नव्या ओढून, बोर्ड चार फुटांवरून पाच फुटांवर नेऊन.

गाडीत बसल्यावर मी त्याला विचारलं, भीती वाटली का. तो म्हणाला, "वाटली. पण रीडिंग लिहिलेलं होतं ना." ऑफिसात चौदा वर्षं त्याने वरिष्ठांच्या सांगण्यावरून आकडे मागेपुढे होताना पाहिले होते. तिथे त्याला कधी नाही म्हणता आलं नव्हतं. हे त्याने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

आजचा जमाखर्च

परमिट त्या वर्षाअखेर आलं. आता तो दोन कंत्राटदारांकडे कामं घेतो आणि छतावरच्या सोलरचंही करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८,००० पर्यंत अनुदान. पॅनल बसवणारे पुष्कळ आहेत, पण अर्ज, वीजबिलावरचं नाव, नेट मीटरची (दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरची) कागदपत्रं नीट करणारे थोडे. तो नोंदणीकृत विक्रेत्याकडे दोन्ही करतो. तिथेही मी त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: सोलरची डीसी बाजू, म्हणजे पॅनलकडून येणाऱ्या वायरी, ऊन असेपर्यंत मेलेली नसते, मेन स्विच पाडला तरी.

२०२५ चे आकडे त्याच्या वहीतून, त्याला विचारून देतोय. पेट्रोल आणि हत्यारांचा खर्च वजा जाता वर्षाचे ४ लाख ६१ हजार. महिन्याला सरासरी ३८,४००. पण सरासरीवर घर चालत नाही. मे महिन्यात एसीच्या कामांमुळे ६१,०००, आणि सप्टेंबरात १९,०००. पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. आरोग्य आणि अपघात विमा स्वतःचा. मधल्या दोन वर्षांत तो घेतलाच नव्हता, ही सर्वांत मोठी चूक मी मानतो. शिडीवरचा माणूस विम्याविना दोन वर्षं राहिला, नशीब बलवत्तर म्हणून निभावलं. उजवा खांदा दुखतो, छताला ड्रिल धरून धरून. मे महिन्यात गच्चीवर ४३ अंशांत काम असतं. हे सगळं वजाबाकीच्या बाजूला लिहावं लागतं.

आणखी एक गोष्ट मी आज वेगळी केली असती. राजीनामा देण्याआधी सहा महिने त्याला दर शनिवारी कुणाच्या तरी हाताखाली पाठवलं असतं. पंपाच्या पॅनलवरून मी त्याला ओळखलं, पण त्याने तरी हे काम ओळखलं होतं का? त्याचं जमलं म्हणून सर्वांचं जमेल असं नाही.

बहीण अजूनही ओळखीच्यांना "इलेक्ट्रिकलचं बघतो" एवढंच सांगते. मात्र गणपतीत आरासीच्या वायरिंगसाठी मंडळाची मुलं आली तेव्हा, "अर्थिंग दिल्याशिवाय तो करणार नाही हं," हे तिनेच त्यांना दारात सांगितलं.

गेल्या महिन्यात एका बँकेत काम करणारा मुलगा माझ्याकडे आला. वय ३६, रावपुऱ्यातलं घर, प्रश्न तोच. मी त्याला सहा महिन्यांचा घरखर्च लिहून आणायला सांगितला आणि भाच्याचा पत्ता दिला. शनिवारी सकाळी आठला जुने कपडे घालून जा म्हटलं. तो गेला. दिवसभर शिडी धरली, वायरिंगसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्यांतली माती गोळा केली, संध्याकाळी हाताला दोन फोड घेऊन आला. पुढच्या शनिवारी पुन्हा गेला आहे.